दोन ग्रहणांच्या मधल्या रात्री : जोडताऱ्यावरचे डाग वावरातून मोजताना

धुऱ्यावरचा | ९ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मायावतीचं ग्रहण नुसत्या डोळ्यांनी कसं पाहायचं, यावर मागे इथे बोलणं झालं होतं. त्यातूनच मी या नादाला लागलो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ययाती तारकासमूहातली मायावती, म्हणजे अल्गोल, दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावते. २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीपर्यंत उतरते (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) आणि साधारण दहा तासांत पूर्ववत होते. तिच्यासमोर दुसरं काहीतरी आडवं येत असावं, असं जॉन गुडरिकने १७८३ मध्ये मांडलं. त्याला ऐकू येत नव्हतं आणि तेव्हा त्याचं वय होतं १८.

आज मात्र ग्रहणाबद्दल लिहायचं नाही, दोन ग्रहणांच्या मधल्या वेळेबद्दल लिहायचं आहे. ग्रहण गाठायला आपण सगळे धावतो आणि ते संपलं की कॅमेरा गुंडाळतो. मीही पहिल्या वर्षी तेच केलं. मधल्या वेळेत ताऱ्याचा उजेड सारखाच राहणार, तिथे पाहण्यासारखं काय, असं वाटायचं. या हंगामात एका ताऱ्याने तो समज मोडला, म्हणून हा धागा.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. सहा एकर कोरडवाहू आणि दोन एकर ओलिताचं वावर. हरभऱ्याच्या दिवसांत कृषीपंपाची लाईट आठवड्याआड रात्रीची असते. मोटार चालू करा, चार तासांनी तुषारचे पाइप सरकवा, मध्ये रोही आणि डुकरं हाकला. रात्र वावरात जातेच. त्या रात्रीचा उपयोग करायचा ठरवलं. जुना डीएसएलआर, २०० मिमीची लेन्स, आणि दोन फळ्यांना बिजागरी लावून गावातल्या मिस्त्रीकडून करून घेतलेला तारे पाठलाग करणारा जुगाड. वरच्या फळीवर कॅमेरा, खालून आट्याचा दांडा, त्याला मिनिटाला एक फेरा घेणारी मोटर. बिजागरी ध्रुवाच्या दिशेने रोखायची. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर, त्यामुळे लिंबाच्या झाडाआड जाऊ नये एवढं पाहावं लागतं.

तारा निवडला एआर लॅसर्टी. सरठ तारकासमूहात, शर्मिष्ठेच्या पश्चिमेला. एरवी ६.१ प्रत, मुख्य ग्रहणात ६.८ च्या आसपास. अंतर सुमारे १४० प्रकाशवर्षं. दोन तारे आहेत: एक सूर्यासारखा पिवळा, दुसरा त्याहून थंड, नारिंगी आणि फुगलेला, सूर्याच्या सुमारे पावणेतीनपट त्रिज्येचा. मुख्य ग्रहणात हा मोठा थंड तारा लहान गरम ताऱ्याला पुरता झाकून टाकतो. अर्ध्या फेरीनंतर लहान तारा मोठ्याच्या पुढून जातो, ते दुय्यम ग्रहण.

याची खरी परीक्षा त्याच्या काळात आहे. दोघांची एकमेकांभोवतीची एक फेरी १.९८३ दिवसांची, म्हणजे दोन दिवसांना २४ मिनिटं कमी. आज रात्री आठला फेरीचा जो भाग दिसला, तोच परवा ७ वाजून ३६ मिनिटांनी दिसणार. उद्या दिसेल ती कक्षेची समोरची बाजू. एकाच गावातून संपूर्ण फेरी पाहायची तर दोन दिवसांना २४ मिनिटं या चालीने ती आपल्यासमोरून सरकायची वाट पाहावी लागते. १ ऑक्टोबरला सुरुवात केली, डिसेंबर संपेपर्यंत पाहिलं. ढगाच्या आणि कापूस वेचणीच्या गडबडीतल्या रात्री वजा जाता ३७ रात्री हाती लागल्या. तरी आलेखात दोन ठिकाणी फट आहे, कारण डिसेंबरात तारा संध्याकाळीच पश्चिमेकडे कलतो आणि दोन-अडीच तासच मिळतात.

आता मुख्य गोष्ट. ग्रहणं सोडून उरलेल्या सगळ्या नोंदी फेरीप्रमाणे मांडल्या, तर रेघ सपाट आली नाही. दुय्यम ग्रहणानंतर थोड्या वेळाने ती हळूहळू खाली बसते आणि तशीच हळू वर येते. खोली सुमारे ०.०४ प्रत, म्हणजे शेकडा साडेतीन-चार टक्के उजेड कमी. इतका हळू उतार ग्रहणाचा नसतो. माझ्या समजुतीप्रमाणे हे थंड ताऱ्यावरचे डाग आहेत. तारा फिरतो तसे ते आपल्या बाजूला येतात आणि पलीकडे जातात.

बरोबर वाचतोय का मी? जाणत्यांनी खोडून काढावं, म्हणून इथे टाकतोय.

---

ब्रह्महृदय | ९ जानेवारी, रात्री १०:२५

सुरेख काम! दाद नंतर देतो, आधी तीन प्रश्न. तुलनेचा तारा, म्हणजे ज्याच्याशी ताडून उजेड मोजता तो, कोणत्या रंगाचा घेतला? तारा क्षितिजापासून किती उंचीवर असेपर्यंत नोंदी घेतल्या? आणि मोजमाप ठीक आहे ना हे पाहायला पडताळणीचा दुसरा, स्थिर तारा ठेवला होता का? ०.०४ प्रत ही डीएसएलआरच्या आवाक्यातली गोष्ट आहे, पण हवेच्या खोड्याही तेवढ्याच आकाराच्या असतात.

---

धुऱ्यावरचा | ९ जानेवारी, रात्री ११:०५

सर, नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंत. पहिले तीन आठवडे याच फेऱ्यात वाया गेले.

ऑक्टोबरात आमच्याकडे सोयाबीन काढणी. रात्री उशिरापर्यंत थ्रेशर चालतात, कुटाराचा भुसा हवेत तरंगत राहतो. मी तुलनेला जवळचा एक निळसर तारा घेतला होता. रोज रात्री अकरानंतर माझा आलेख एक-दोन शतांश प्रतीने वर चढायचा. डागाचाच भाग समजून मी तो वहीत लिहूनही ठेवला होता. मग एका रात्री, पाइप सरकवून परत आलो तेव्हा, मागच्या दहा रात्रींचे आलेख मोबाइलवर एकाखाली एक लावून पाहिले. प्रत्येक रात्री चढ अकरालाच. ताऱ्याला आपलं घड्याळ कुठे माहीत? डाग असता तर फेरीप्रमाणे दोन दिवसांना २४ मिनिटं अलीकडे सरकला असता. हा चढ जागचा हलत नव्हता, म्हणजे तो आपल्या हवेतला. तारा खाली गेला की धूळ-धुराच्या जाड थरातून निळा उजेड जास्त गळतो. तुलनेचा निळा तारा जास्त मंद होतो आणि एआर लॅसर्टी फुकटचा उजळ दिसतो.

त्यानंतर तुलनेचा तारा बदलला, रंगाने जवळचा घेतला. ३० अंशांच्या खालची प्रत्येक नोंद टाकून दिली. पडताळणीचा तारा त्याच चौकटीत असतो, आणि तो तिन्ही महिने ०.०१ प्रतीच्या आत स्थिर आहे. १५ सेकंदांचे फोटो, मुद्दाम थोडे अस्पष्ट, म्हणजे ताऱ्याचा उजेड सेन्सरच्या बऱ्याच ठिपक्यांवर पसरतो. फक्त हिरवा रंग मोजतो आणि वीस-वीस फोटोंची सरासरी घेतो. लेन्सचे कोपरे काळवंडतात, त्याच्या दुरुस्तीसाठी बाबांचा पांढरा दुपट्टा लेन्सवर ताणून बांधतो आणि झुंजुमुंजू होताना आकाशाचे फोटो काढतो.

---

वऱ्हाडी मानूस | १० जानेवारी, सकाळी ७:१५

भाऊ, वाचून लय बरं वाटलं. मी दर्यापूरकडचा. मले एक सांगा, तारा दुर्बिणीतूनबी ठिपकाच दिसते ना? मंग त्या ठिपक्यावर डाग हाय हे समजते कसं? अन् डाग म्हंजे जळून काया झालेला भाग का? आमच्या घरची लेकरं इचारतात अन् मले उत्तर येत नाई.

---

प्रयोगवहीताई | १० जानेवारी, दुपारी २:५०

दादा, प्रश्न अगदी मुळातला आहे. मी भौतिकशास्त्र शिकवते, जमेल तसं सांगते. थोडं लांबेल.

डाग जळालेला नसतो, तो थंड असतो. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्व्हिन, तर मोठ्या डागाचा मधला भाग ४,००० च्या आसपास. तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे उजेड कमी होतो, म्हणून तेवढ्याच जागेतून जेमतेम पाव उजेड येतो. शेजारच्या लखलखाटात तो काळा दिसतो. एकटा काढून आकाशात ठेवला, तर चांगला झळझळीत दिसेल.

तो थंड का? ताऱ्याच्या वरच्या थरात उष्णता उकळीसारखी वर येते. गरम वायू वर, गार वायू खाली. जिथे चुंबकीय क्षेत्र फार तीव्र होतं, तिथे ही उकळी दबते आणि खालची उष्णता वर पोचत नाही. सौरडागांत चुंबकीय क्षेत्र असतं हे जॉर्ज हेल यांनी १९०८ मध्ये वर्णपटावरून दाखवलं.

आणि हे क्षेत्र येतं कुठून? चऱ्हाट वळताना पाहिलं असेलच. दोराला पीळ देत गेलं की एका टप्प्याला त्याचा वेढा आपोआप बाहेर उसळतो. सूर्य सगळा एका वेगाने फिरत नाही. विषुववृत्ताजवळ साधारण २५ दिवसांत फेरी, ध्रुवांकडे त्याहून सावकाश. त्या फरकाने आतल्या चुंबकीय रेषांना पीळ बसतो आणि त्यांचे वेढे पृष्ठभाग फोडून वर येतात. वेढ्याची दोन टोकं पृष्ठभागावर जिथे रुततात, तिथे डागांची जोडी दिसते.

आता जोडताऱ्यांकडे. फुगडी आठवा. दोघी कितीही वेगाने फिरल्या तरी तोंडं एकमेकींकडेच. जवळच्या जोडताऱ्यांचं तसंच होतं. भरती-ओहोटीच्या ओढीने दोघांचं स्वतःभोवतीचं फिरणं आणि एकमेकांभोवतीचं फिरणं एकाच काळात बांधलं जातं. एआर लॅसर्टीतला फुगलेला थंड तारा एकटा असता तर म्हातारपणी संथ झाला असता. जोडीदारामुळे त्याला दोन दिवसांत एक गिरकी घ्यावीच लागते. त्याची उकळी खोलवर आहे आणि फिरणं जलद. पीळ जबरदस्त बसतो, म्हणून डागही प्रचंड. अशा ताऱ्यांचा एक स्वतंत्र वर्ग डग्लस हॉल यांनी १९७६ मध्ये मांडला. श्यामशबल तारकासमूहातल्या आरएस या ताऱ्यावरून त्याला आरएस कॅनम व्हेनॅटिकोरम वर्ग म्हणतात.

तर ठिपक्यावरचा डाग कसा कळतो? तो दिसत नाही, मोजला जातो. समजा तुमच्या गावच्या जत्रेतला पाळणा रात्री दोन कोसांवरून पाहताय. दिवे वेगळे दिसत नाहीत, एकच उजेडाचा गोळा दिसतो. पण पाळण्याच्या एका बाजूचे दिवे गेलेले असतील, तर फिरताना तो गोळा ठरावीक वेळाने मंद होईल. तेवढ्यावरून तुम्ही सांगाल, कोणत्या बाजूचे दिवे गेलेत.

धुऱ्यावरचा दादा, तुमच्या आकड्यावरून मी अंदाज काढून पाहिला. सोयीसाठी एकूण उजेडातला अर्धा थंड ताऱ्याचा धरू. एकूण ३.६ टक्के घट म्हणजे त्या ताऱ्याची स्वतःची घट सात टक्क्यांच्या वर. डाग ३,५०० केल्व्हिन आणि बाकी तारा ४,७०० केल्व्हिन धरला, तर दिसणाऱ्या चकतीचा सुमारे दहावा हिस्सा डागांनी व्यापलेला. तारा एवढा मोठा आहे, की तो दहावा हिस्सा म्हणजे आपल्या सूर्याच्या अख्ख्या चकतीच्या पाऊणपट झाला. सूर्यावर मोठ्यातला मोठा डागसमूह चकतीचा जेमतेम एक टक्क्याच्या आसपास भाग व्यापतो. तुम्ही धुऱ्यावर बसून मोजलंत ते केवढं आहे, हे कळावं म्हणून सांगितलं.

---

वऱ्हाडी मानूस | १० जानेवारी, सायंकाळी ६:४०

ताई, फुगडीचं अन् पाळण्याचं सांगितलं ते लेकरायले जसंच्या तसं वाचून दाखवलं. पोरीनं लगेच फुगडी घालून पाह्यली अन् म्हणे, बाबा, खरंच तोंड फिरतच नाई. आमचे आबा अंबाडीचं चऱ्हाट वळत, तेवा पीळ जास्त झाला की वेढा उसळे, तो मी हातानं दाबून धरो. तसंच सूर्यावर होत असन, हे कधी मनात आलं नोतं.

---

ब्रह्महृदय | १० जानेवारी, रात्री ९:३०

ताईंच्या उत्तरात थोडी भर. दोन तारे जवळ असले की ओढीने थोडे लांबट होतात आणि त्यामुळेही उजेड बदलतो. पण त्या बदलाला एका फेरीत दोन चढ आणि दोन उतार असतात, अंड्याची लांब बाजू दोनदा समोर येते म्हणून. तुमच्या आलेखात एकच उतार आहे. त्यामुळे डाग हेच वाचन मला पटतं.

पुढची अडचण मोठी आहे. उताराची वेळ पाहून डाग कोणत्या रेखांशावर आहे ते बरं कळतं. अक्षांश जवळजवळ कळत नाही. मोठा पण जरा कमी थंड डाग आणि लहान पण फार थंड डाग एकसारखाच आलेख देतात. ध्रुवावर बसलेला, कायम समोर असणारा डाग तर उतार देतच नाही, ताऱ्याला नुसता सगळा वेळ थोडा मंद ठेवतो. फीबीसारख्या मोफत संगणक-प्रणालीत नोंदी घालून लोक डागांचे नकाशे काढतात. नकाशा आलेखाशी जुळला म्हणजे तो खरा ठरला, असं समजू नका. जुळणारे नकाशे अनेक निघतात.

इथेच ग्रहण कामी येतं आणि म्हणून ग्रहण होणारे जोडतारे बाकीच्यांपेक्षा मोलाचे. पुढच्या ताऱ्याची कड मागच्या ताऱ्यावरून सरकत जाते, तेव्हा त्याचा पृष्ठभाग पट्टी पट्टीने झाकला जातो. पट्टीत डाग आला की अपेक्षेपेक्षा कमी उजेड कापला जातो आणि उतरत्या रेघेवर बारीकसा उंचवटा येतो. लिक वेधशाळेच्या जेराल्ड क्रॉन यांनी १९४७ मध्ये ताऱ्यावरच्या डागांची शंका मांडली, तीही ग्रहणातल्या अशाच बारीक खोडींवरून. आणि तो तारा होता तुमचाच, एआर लॅसर्टी.

अशीच गंमत मायावतीच्या बाबतीत घडली. ऑगस्ट १९९७ मध्ये क्ष-किरण टिपणारा बेप्पोसॅक्स उपग्रह तिच्याकडे पाहत असताना थंड जोडीदारावर क्ष-किरणांचा प्रचंड भडका उडाला, आणि तो भडका चालू असतानाच ग्रहणाआड गेला. कधी झाकला, कधी उघडला, यावरून तो थंड ताऱ्याच्या दक्षिण ध्रुवाजवळ होता हे काढता आलं.

---

धुऱ्यावरचा | १० जानेवारी, रात्री ११:५०

१९४७! हे मला माहीत नव्हतं. सरठेतला हा तारा मी निव्वळ उजळ आहे म्हणून निवडला होता.

---

कोरी पाटी | ११ जानेवारी, दुपारी १२:१०

एक शंका, राग मानू नका. २०१८ पासून ताऱ्यांचा उजेड मोजणारा टेस उपग्रह आकाशात आहे, त्याच्या नोंदी कुणालाही फुकट मिळतात, आणि तो हजारांश प्रतीपर्यंत मोजतो. मग थंडीत वावरात बसून आपण वेगळं काय मिळवणार?

---

ब्रह्महृदय | ११ जानेवारी, दुपारी ३:००

शंका रास्त आहे. टेसच्या नोंदी जरूर उतरवून घ्या, शिकायला त्याच्यासारखं साधन नाही. पण तो आकाशाच्या एका पट्ट्याकडे सुमारे २७ दिवस टक लावून पाहतो आणि पुढे जातो. त्याच पट्ट्याकडे परत यायला बराच काळ जातो. डाग तेवढे थांबत नाहीत. काही महिन्यांत विरतात, नवे उगवतात, फेरीच्या हिशेबात मागेपुढे सरकतात. सूर्याचं ११ वर्षांचं चक्र आपल्याला कळलं ते माणसं रोज डाग मोजत राहिली म्हणून. या ताऱ्यांची चक्रं कळायची तर वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात.

दुसरं, ग्रहणाच्या मध्याची वेळ. तीही या चुंबकीय भानगडीशी जोडलेली आहे. चुंबकीय चक्राबरोबर ताऱ्याचा आतला तोल बदलतो, तो किंचित कमी-जास्त चपटा होतो आणि त्यामुळे कक्षेचा काळही किंचित बदलतो, असं जेम्स ॲपलगेट यांनी १९९२ मध्ये मांडलं. ग्रहण ठरल्यापेक्षा काही मिनिटं लवकर आलं की उशिरा, हे दशकानुदशकं मांडत गेलं तरच ते दिसतं. रूपविकारी ताऱ्यांच्या हौशी निरीक्षकांची अमेरिकेतली संस्था १९११ पासून अशा नोंदी जमवते. आपल्याकडचे राधागोविंद चंद्र हे जेसोर (आता बांगलादेशात) भागातले, सरकारी खजिन्यात नोकरी करणारे गृहस्थ, त्यांनी हजारो नोंदी तिकडे पाठवल्या. तेव्हा उपग्रह नव्हते म्हणून नव्हे, तर नोंद सलग हवी म्हणून.

धुऱ्यावरचा, तुमच्या वेळा सूर्याच्या हिशेबात आणल्यात ना? पृथ्वी कक्षेत अलीकडे-पलीकडे जाते, तेवढ्याने उजेड आठ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोचतो.

---

धुऱ्यावरचा | ११ जानेवारी, रात्री ८:२०

हो सर, सगळ्या वेळा दुरुस्त केल्यात. कॅमेऱ्याचं घड्याळ रोज मोबाइलशी जुळवतो, नाहीतर आठवड्यात दहा-बारा सेकंद मागे पडतं.

पण तुम्ही म्हणालात की डाग काही महिन्यांत बदलतात, आणि तेव्हापासून एक गोष्ट सलतेय. माझा आलेख तीन महिन्यांत जोडलेला आहे. ऑक्टोबरचा तुकडा, नोव्हेंबरचा तुकडा, डिसेंबरचा तुकडा. मधल्या काळात डाग सरकला असेल, तर मी तीन वेगवेगळ्या चेहऱ्यांचा एक चेहरा केला की काय?

---

ब्रह्महृदय | ११ जानेवारी, रात्री ९:१५

होय, तो धोका आहेच. एका रेखांशावरून दोन दिवसांच्या ताऱ्याला यातून सुटका नाही.

---

पुसदचा टेक्सासकर | १२ जानेवारी, सकाळी ८:३०

सुटका आहे. मी आहे ना इथे.

बालपण पुसदला गेलं, आता टेक्सासात असतो. तुमच्यात आणि माझ्यात रेखांशाचं अंतर सुमारे १७५ अंश, म्हणजे पावणेबारा तासांच्या आतबाहेर. तुमची रात्र संपते तेव्हा माझी सुरू व्हायला येते. १.९८३ दिवसांच्या फेरीत पावणेबारा तास म्हणजे जवळजवळ बरोबर पाव फेरी. तुम्हाला आज एक तुकडा आणि उद्या समोरचा तुकडा मिळतो. मला त्या दोहोंच्या मधले दोन तुकडे मिळतील. प्रत्येकाने रात्री सहा तास पाहिलं तर मधल्या फटी महिन्याभरात भरतात. तीन महिन्यांचं काम एका ऑक्टोबरात होईल.

माझ्याकडेही डीएसएलआर आणि १८० मिमीची लेन्स आहे. एकच अट, दोघांनी तुलनेचा तारा तोच घ्यायचा.

---

प्रयोगवहीताई | १२ जानेवारी, सकाळी १०:०५

किती छान! ऑक्टोबरपर्यंत थांबायचं कशाला, एक सराव आत्ताच करता येईल. सप्तर्षीतला डब्ल्यू तारा, डब्ल्यू उर्सा मेजोरिस. दोन तारे एकमेकांना टेकलेले, फेरी फक्त ८ तासांची. ७.८ ते ८.५ प्रत, तुमच्या लेन्सला जमेल. फेब्रुवारीच्या मध्यात तो मध्यरात्री सगळ्यांत उंच येतो आणि आपल्याकडून ३० अंशांच्या वर पावणेनऊ तास राहतो. म्हणजे एका रात्रीत पूर्ण फेरी, कुणाच्या मदतीशिवाय.

पाहायचं हे की दोन ग्रहणांच्या मधले दोन उंचवटे सारखे येतात का. एक बुटका आला तर त्याला ओ'कॉनेल परिणाम म्हणतात. त्याची कारणं एकाहून जास्त असू शकतात, पण अशा ताऱ्यांत डागांवर पहिला संशय घेतला जातो.

माझ्या अकरावीच्या मुली आलेख मांडायला तयार आहेत. नोंदींची फाइल पाठवाल का?

---

वऱ्हाडी मानूस | १२ जानेवारी, दुपारी १:३०

ताई, आमच्याकडे कॅमेरा नाई, पण नुसत्या डोयानं मायावती पाहू. शेजारचे तारे कोनते धरू?

---

प्रयोगवहीताई | १२ जानेवारी, दुपारी २:१०

दादा, देवयानीतला गॅमा २.१ प्रतीचा, तो मायावतीच्या नेहमीच्या उजेडाइतका. ययातीतला एप्सिलॉन २.९ आणि डेल्टा ३.०, ते ग्रहणात तुलनेला धरा. मायावतीच्या अगदी जवळचा ऱ्हो मात्र घेऊ नका, तो स्वतःच कमी-जास्त होतो. दर अर्ध्या तासाला वेळ आणि अंदाज वहीत लिहा, पोरीलाच लिहू द्या.

---

धुऱ्यावरचा | १२ जानेवारी, रात्री १०:१५

ताई, फाइल रविवारी पाठवतो. तुलनेच्या आणि पडताळणीच्या ताऱ्यांची नावं पहिल्या ओळीत लिहिली आहेत. निळ्या ताऱ्याच्या तीन आठवड्यांच्या चुकीच्या नोंदीही वेगळ्या पानावर ठेवल्यात. मुलींना आधी त्याच द्या आणि खोट कुठे आहे ते शोधू द्या.

टेक्सासकर, ऑक्टोबर पक्का. सोयाबीनचा भुसा टाळायला मी यंदा कॅमेरा वरच्या वावरात, पाझर तलावाच्या बांधावर नेणार आहे. तिथून वायव्येचं क्षितिज मोकळं आहे.

डब्ल्यूसाठी कॅलेंडर पाहिलं. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या फीडरला दिवसाची लाईट आहे, म्हणजे पाइप सरकवायला उठावं लागणार नाही. चंद्राची अडचण नसलेली रात्र निवडतो आणि इथे कळवतो. फळीची मोटर सव्वा तासाने परत मागे न्यावी लागते, त्यामुळे आठ तासांत सहा वेळा दोन-दोन मिनिटांची फट पडेल. ती ग्रहणाच्या मध्यावर येणार नाही, असं वेळापत्रक करतोय.